गिअरची नवी मूठ

दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी गेली आणि मी पुण्याहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, बुटकी, दोनच सीटांची. राजापेठेत मी केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेतो. क्लाससमोर गाडी लावली की पोरं स्कुट्या थांबवून फोटो काढायची आणि मी आत फळ्यासमोर उगाच ताठ उभा राहायचो.

इंजिन ठणठणीत होतं, पण आतलं प्लास्टिक पार गेलेलं. गिअरच्या दांड्यावरची मूठ झिजून चिकट झाली होती, पेडलांची रबरं फाटली होती. मी बाहेरून नवा सेट मागवला: गिअरची मूठ, तिन्ही पेडलांच्या पट्ट्या आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण. सगळं ॲल्युमिनियमच्या अख्ख्या ठोकळ्यातून मशीनवर कोरून काढलेलं. खोकं जेवणाच्या टेबलावर उघडलं. बायकोनं मूठ हातात तोलली. "याच्यानं लसूण चांगला ठेचला जाईल," म्हणाली.

आमच्या गल्लीत गाडीचं काम करायला जागा नाही. सासऱ्यांचं शेत अकोटजवळ आहे. मोगरा, शेवंती, झेंडू पिकवतात ते. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये त्यांची सगळी हत्यारं असतात. फोन केला तर म्हणाले, "या ना. पण गाडीचं पोट घासन. ते गाडी हाय का पाट?"

मे महिना होता. बायकोला घेऊन पहाटेच निघालो. डांबरी सोडून शेताच्या रस्त्याला लागताना मी श्वास धरून बसलो होतो, पण गाडी कुठेच घासली नाही. खड्डे बुजलेले, मधला उंचवटा छाटलेला, मातीवर ट्रॅक्टरच्या ताज्या खुणा. चहा देताना सासूबाईंनीच सांगितलं, "काल दिवसभर हे रस्ताच सरका करून राह्यले होते. मोगरा तोडाचा तसाच राह्यला."

पेडलांच्या पट्ट्या लवकर बसल्या. मी आत डोकं घालून भोकं पाडत होतो, सासरे बॅटरी धरून उभे होते. मूठ मात्र अडली. दांड्याचे आटे बारीक, मुठीचे मोठे. घातली की लटलट हलायची. मग जुनीच मूठ परत लावून सासरे आणि मी अकोल्याला गेलो. एका लेथवाल्याकडून मधे बसेल अशी पितळी नळी कातून घेतली. येताना सासरे गुडघे छातीशी घेऊन बसले होते आणि मूठ मांडीवर धरली होती. दर थोड्या वेळानं धोतराच्या टोकानं पुसत होते.

मूठ बसली. गिअर असा पडू लागला की मी उभ्या गाडीतच पुन्हा पुन्हा टाकून पाहिला.

"मी चालवून पाहू का, जवाईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

मी किल्ली दिली. तेवढ्यात सासूबाई हात पुसत आल्या. "मले बी बसू द्या." आजवर त्या कुठंही निघाल्या की जीपमध्ये नातवंडं, डबे, फुलांची गाठोडी असायची. या गाडीत तिसऱ्या कुणाला जागाच नव्हती.

"पुलापर्यंत जाऊन येतो," म्हणून दोघं गेले.

पूल काही दूर नाही. तरी दुपार कलली आणि गाडीचा पत्ता नाही. फोन केला तर बाजेवरच वाजला. तिथंच विसरले होते. बायको तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. मी तिला धीर देत होतो आणि मनात नको नको ते आणत होतो. शेवटी सासऱ्यांची मोटारसायकल काढली, तर दिवस मावळता समोरून लाल गाडी आली.

"कुठं होता तुमी?" बायको जवळजवळ ओरडलीच.

"अकोल्यापल्याड, पातूरले गेलतो," सासरे म्हणाले. "लेण्या पाह्याले. लगन झाल्यापासून म्हणत होती हे. आज गाडी चालूनच राह्यली होती मस्त, म्हटलं चाल."

मग त्यांनी डावा तळहात पुढे केला. लालभडक झाला होता. गाडी उन्हात लावून दोघं लेण्यांत रमले. परत येऊन गिअर टाकायला गेले तर मूठ तव्यासारखी तापलेली. मे महिन्याच्या उन्हात ॲल्युमिनियमचं काय होतं, हे केमिस्ट्री शिकवणाऱ्या मला सुचलं नव्हतं.

"मग आणली कशी?" मी विचारलं.

सासूबाई लाजून हसल्या. बाटलीतल्या पाण्यानं पदर ओला करून मुठीवर गुंडाळला होता आणि येताना मूठ त्यांनीच धरली होती.

"क्लच मी दाबो," सासरे म्हणाले, "आन गिअर हे टाके. दुसरा म्हटला का दुसरा. अकोल्याच्या गर्दीत बी एकदा चुकली नाई."

"एकदा चुकली," सासूबाई म्हणाल्या. "तुमी वरडले नाई, म्हून लक्षात नाई तुमच्या."

बायको रागावायच्या बेतात होती, ते विसरून हसत सुटली. मी तळहाताला लावायला बर्फ शोधत होतो. सासरे शेडमध्ये जाऊन उभे राहिले आणि तिथूनच हाक मारली, "जवाईबापू, ट्रॅक्टरले भेटते का हो अशी मूठ?"

"भेटते," मी म्हणालो. "पण चटका बसेल."

"बसू द्या," ते म्हणाले.