पाच पाइक, एक मरळ आणि उंद्रीचा बाजार

ताजी खबर अशी, की पाचपैकी तीन पाइक आता वेगळे ओळखू येतात. उंद्रीच्या बाजारात मासे विकणाऱ्या प्रल्हादभाऊंनी काल फोनवर तसं सांगितलं. घोडं अडलंय ते उरलेल्या दोघांवर.

पाइक आपल्याकडे नसतातच. हे थंड देशांतले लांबोडके शिकारी मासे, तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं. माझी बहीण मीनल मुलांच्या पुस्तकासाठी त्यांची चित्रं काढतेय. संपादकबाईंनी बजावलं होतं, "पाचही सारखेच दिसले तर चार गाळेन." फोटो बघून बघून मीनल वैतागली. म्हटलं, चल, निदान जिवंत लांबट शिकारी मासा तरी बघू! मरळ हवेतही श्वास घेते, म्हणून बाजारात जिवंत मिळते.

पुण्याहून रात्रीच्या बसने चिखली, तिथून खामगाव रस्त्याने उंद्री. जाणार असाल तर सकाळीच पोचा. उन्हं चढली की मासळी संपते. स्टँडजवळ गरम भाकरी आणि ठेचा मिळतो. ठेच्याला कमी लेखू नका. मी लेखलं.

प्रल्हादभाऊंच्या टोपल्यात सुईसारख्या तोंडाचा चोचवाला मासा होता. पाइकसारखाच वाटतो, पण कूळ निराळं. घमेल्यात मरळ. तिचा पर पाठभर पसरलेला. पाइकचा मात्र मागे, शेपटीजवळ.

मीनलने आपली चित्रं दाखवली.

"काऊन वो ताई, एकच मासा पाच डाव काढला काय?"

"पाच वेगळे आहेत, भाऊ! हे ठिपके बघा ना."

"मंग मले काऊन एकच दिसून राह्यला?"

मीनलचा चेहरा पडला. तेवढ्यात मरळीने घमेल्यातून उडी घेतली आणि वळवळत थेट रस्ता गाठला. "धरा बे तिले!" अख्खा बाजार धावला. मी कांद्याच्या ढिगावर आपटलो. मीनलने ओढणी टाकून मरळ धरली आणि चिखलात बसूनच खदखदा हसायला लागली.

"दादा, पळताना ठिपके दिसलेच नाहीत रे! नुसता अंगाचा रंग दिसला. मी सगळ्यांना एकच हिरवा दिलाय!"

परतीच्या बसमध्येच तिने रंग ठरवले. उत्तरेचा पाइक गडद, त्यावर फिके ठिपके. मस्की नावाचा अमेरिकी पाइक उलट: फिक्या अंगावर गडद पट्टे. आमूर नदीतला चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा. चौथा साखळी पिकरेल, पाइकचाच भाऊबंद, अंगावर साखळीची जाळी. पाचवा दक्षिणेचा, जवळपास उत्तरेच्यासारखाच.

घरी येऊन आठवडा झाला. माझ्या शर्टाला अजून मासळीचा वास येतो आणि तो धुवायला टाकावासा वाटत नाही. काल नवी चित्रं उंद्रीला पाठवली, तर भाऊंचा फोन आला: "तीन बराबर. पण हे दोघं सख्खे भाऊ हायेत, मले फसवू नका!"

रोख होता उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पाइकवर. शास्त्रज्ञसुद्धा अगदी अलीकडेपर्यंत या दोघांना एकच जात मानत होते. म्हणजे चित्रं खरी उतरली होती! मीनल घरभर नाचली.

शुक्रवारी दक्षिणेचा पाइक नव्याने रंगून आधी उंद्रीला जाईल. संपादकबाईंकडे नंतर.