भरीत सगळ्यांनी खाल्लं होतं

नाना गेल्याची बातमी मला एका जाहिरातीतून कळली. सकाळी जळगावात घरी चहा पिता पिता मोबाइल उघडला, तर आमच्या निवृत्त मास्तरांच्या ग्रुपवर नानांचा हसरा फोटो. भोवती काळी चौकट, नानांच्या खांद्यावर प्रमोद केटररचा हात, खाली 'आमचे मार्गदर्शक हरपले' आणि त्याच्याही खाली लग्नकार्याच्या ऑर्डरसाठी मोबाइल नंबर! तीस-पस्तीस वर्षांचा स्नेही गेला म्हटल्यावर माणसाला आधी रडू यायला हवं. मला आधी शिसारी आली. धुळ्याची एसटी पकडली, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तरी डोळ्यांपुढे तो मोबाइल नंबरच. मग केव्हातरी नाना आठवले, आणि बाहेर बघत बसलो…

आम्ही दोघं धुळ्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचो. मी गणित, नाना वर्कशॉप. माणूस अत्यंत भांडकुदळ. प्राचार्यांशी भांडण, स्टोअरकीपरशी भांडण, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्याशी भांडण. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत मी एकदा डब्यात नेलं, तर घास तोंडात घेऊन हे गृहस्थ म्हणाले, "सर, हे भरीत नाही, हे आजाऱ्याचं जेवण आहे." पुढचे कितीतरी दिवस तेच ऐकवत होते. भरताचं वांगं कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच, म्हणजे पऱ्हाट्यांवरच भाजायचं, त्या धुराची चव लागलीच पाहिजे, यावर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी देवावर नसावी.

पण तो धूर कोणाच्या डोळ्यांत जातो हे त्यांना निवृत्तीनंतर दिसलं. आधी दिसलं नाही, कारण आपण पुरुष पंगतीत बसलेले असतो. हिवाळ्यात घरी पाहुणे आले की वहिनी मागच्या अंगणात पऱ्हाट्या पेटवून उकिडव्या बसायच्या. एकदा डॉक्टरांनी वहिनींचे डोळे तपासून नानांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यानंतर नाना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरले ते जवळजवळ दोन वर्षं बाहेरच आले नाहीत म्हणा ना. लोखंडी पिंप आडवं केलं, आत फिरणाऱ्या सळया बसवल्या, खाली पऱ्हाट्यांची पेटी. अडचण धुराची होती. बाहेर सोडला तर चव जाते, कोंडला तर वांगं कडवट होतं. शेवटी त्यांनी मधे एक तिरकी झडप बसवली. धूर वांग्यांना लपेटून मग वरच्या नळीतून निघून जायचा, भाजणारीच्या तोंडावर येत नव्हता. मला फोन करून बोलावलं आणि भरीत खाऊ घातलं. खरं सांगतो, इतकं चांगलं भरीत मी लग्नातही खाल्लेलं नाही.

"पेटंट घ्या," मी म्हणालो. त्यांच्या मुलानेही तेच म्हटलं. नानांचं मात्र तळ्यात-मळ्यात. पेटंट घेतलं तर गावोगावच्या वेल्डरांना हे बनवू नको म्हणायचं, आणि मग ज्या बायांचे डोळे जातायत त्यांना काय सांगायचं? नाही घेतलं तर दुसराच कुणी आपलं म्हणेल. पुन्हा घ्यायचं तर अख्ख्या यंत्राचं की फक्त झडपेचं? नाव कोणाचं, त्यांचं, मुलाचं की वहिनींचं? मी त्यांना नाशिकला एका एजंटबाईंकडे नेलं. बाई हुशार होत्या. त्यांनी सल्ला दिला, अर्ज झडपेवर करा, तिच्यातच नवं काय ते आहे. आणि दारापर्यंत सोडायला येऊन पुन्हा बजावलं, "काका, अर्ज दाखल होईपर्यंत हे कोणाला दाखवायचं नाही. लोकांनी बघितलं की ते नवं राहत नाही."

नानांनी मान डोलावली, आणि धुळ्याला परत येऊन भरीत पार्टी ठरवली.

आमच्याकडे ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. थंडी पडली की शेतात भरीत होतं, आणि त्याला गल्ली, नातेवाईक, जुने सहकारी सगळे असतात. घरात नवी वस्तू आली की तिचा पहिला घास चारचौघांत व्हायचा, हा तर आणखी जुना रिवाज. मी फोनवर ओरडलो. नाना उलट माझ्यावरच उखडले. "नवी वस्तू लपाडीसन ठेवनी आनि भरीत खावाडनं? लोके काय म्हनतीन?" चोरासारखं झाकून भाजायचं आणि बाहेर ताटं वाढायची, हे त्यांच्याने होणार नव्हतं.

अमळनेर रस्त्यावरच्या एका शेतात पार्टी झाली. मोठं गोड ऊन होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, भरीत. नारळ फोडून नानांनी पिंपाचं झाकण उघडलं आणि वर्कशॉपचा तास घ्यावा तसं एकेकाला बोलावून झडप दाखवली. ती का तिरकी, किती तिरकी, कुठे वेल्डिंग. लोक भोवती दाटीवाटीने उभे होते. प्रमोद सगळ्यात पुढे. त्याने दोनदा भरीत घेतलं आणि तिसऱ्यांदा झडप बघायला आला. एजंटबाईंना मी कळवलं, तर त्यांनी आधी पार्टीची तारीख विचारली. मग म्हणाल्या, "संपलं मग." गंमत म्हणजे नानांचा चेहरा उजळला. आता ठरवायचं काही उरलंच नाही, आता ते सगळ्यांचं झालं, म्हणाले. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली असणार.

पुढच्या हिवाळ्यात प्रमोदच्या टेम्पोवर तेच पिंप आलं, निळ्या रंगात, वर 'पेटंट अर्ज दाखल' अशी पट्टी. संशोधक म्हणून त्याचंच नाव. पहूरच्या एका वेल्डरने बचत गटासाठी असंच पिंप बनवायला घेतलं होतं, त्याला या प्रमोदने घरी जाऊन दम भरला. हे कानावर आलं तेव्हा मात्र नाना भरल्या ताटावरून उठले. स्वतःला काही मिळालं नाही याचं त्यांना काही नव्हतं. सगळ्यांचं झालेलं परत एकाचं होतंय, ते त्यांना सोसेना.

एजंटबाई म्हणाल्या, विरोध नोंदवता येतो. ज्या पार्टीने तुमचं पेटंट गेलं त्याच पार्टीने त्याचंही जाईल, फक्त तिथे झडप पाहिलेल्या माणसांची प्रतिज्ञापत्रं आणा. नाना खूश! एवढी माणसं जेवली होती. आम्ही दोघं स्कूटरवर दारोदार फिरलो. मी आयुष्यात इतका ओशाळलो नाही. एकाला वेळ नव्हता, एकाचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता. एका मित्राने तर नानांच्या तोंडावर, सुपारी कातरत, सांगितलं, "भरीत खायेल शे नाना, पन झडपबिडप काही दखेल नही." ज्या माणसाने झडपेत मुंडकं घातलं होतं तो हा! प्रत्येकाच्या घरी एखादं लग्न होतं, आणि लग्नाचं जेवण प्रमोदकडे. भरीत सगळ्यांनी खाल्लं होतं, पाहिलं कोणीच नव्हतं. भांडायचा हा माणूस, पण त्या दिवशी कोणाशीही भांडला नाही. मला त्या लोकांचा जो वीट आला तो अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. माझं प्रतिज्ञापत्र तेवढं तयार झालं. त्यानंतर काही आठवड्यांतच नाना गेले.

उत्तरकार्याला प्रमोद आला, नानांच्या फोटोला हार घातला, डोळे पुसले आणि जाताना मंडपातल्या केटररला आपलं कार्ड दिलं. मी मंडपाबाहेर निघालो. थांबलो असतो तर हात उचलला असता.

मागच्या आठवड्यात पुन्हा धुळ्याला गेलो. विरोधाची मुदत टळायच्या आत आणखी एक तरी सही हवी होती. नानांचा मुलगा म्हणाला, "सर, राहू द्या आता." त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, जेवण प्रमोदभाईंकडेच दिलंय. वडिलांच्या शेडला टेकून तो मला हे सांगत होता. मी उठलोच. तेवढ्यात वहिनी आल्या. त्या सरळ पिंपापाशी जाऊन बसल्या आणि बसल्या बसल्या हात लांब करून झडपेची मूठ ओढली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मूठ उभ्या माणसाच्या हाताशी नव्हतीच. ती बसलेल्या बाईच्या हाताशी होती, वहिनींच्या उंचीला मापून बसवलेली.

"मी दखेल शे," त्या म्हणाल्या. "बठ्ठासना पह्यले मीच दखेल शे. लिखा भाऊ, मन्हं नाव लिखा."

"आई, तू यात पडू नको," मुलगा म्हणाला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मी कागद काढला. सगळ्यांच्या आधी पाहिलं असलं तरी घरच्या माणसाच्या शब्दाला वजन कमी, असं एजंटबाई म्हणतील. म्हणोत. नाव, वय, पत्ता झाला, आणि यंत्र कशासाठी बनवलं त्या रकान्यापाशी मी थांबलो. वहिनी माझ्या पेनाकडे बघत होत्या.

"लिखा," त्या म्हणाल्या, "मन्हा डोयासाठे करेल शे."

प्रतिज्ञापत्राच्या भाषेत वहिनींचे डोळे बसत नव्हते. मी तसंच लिहिलं.