बादलीत बुडवलेला सांधा

“हाई काय शे रे लखन? तोंड वर कर आनि सांग माले. केयना घडले घालतस ती पिशवी शे ना हाई?”

“शे ना, अक्का.”

“मंग मोटरले केयी लागनार व्हती का?”

“पानी शिराले नको म्हनीसन बांधी व्हती.”

“मंग शिरनं का नही?”

“शिरनं.”

“आनि शिरेल पानी बाहेर कोठून निंघी? तोटी लायेल शे का तुनी पिशवीले?”

लखन ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. गावच्या बोअरशेजारी मान खाली घालून उभा होता. त्याच्या मागं रिकामे हंडे घेऊन वीस-पंचवीस बाया. मधोमध फतकल मारून बसलेली हेमलता, आणि तिच्या मांडीवर नुकतीच वर काढलेली केबल. निळी पिशवी, तिच्यावर सुतळीचे वेढे, त्याखाली काळी टेप. ब्लेडनं टेप उकलली तशी आतून घाण वासाचं पाणी गळालं. आतली तांब्याची तार मोरचुदात बुडवल्यासारखी हिरवी-निळी पडली होती. बोटानं दाबली तर भुगा.

सोनगीरला हायवेच्या कडेला गिरधर आणि हेमलता या नवराबायकोचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरमधली मोटर जळाली की तीन पायांचा घोडा उभा करायचा आणि साखळीनं पाइप वर ओढायचे, हे गिरधरचं काम. वरून येणारी केबल मोटरच्या केबलला जोडायची, तो सांधा हेमलताचा. हा सांधा दोनशे फूट खाली, पाण्यात जन्म काढतो. तिथं त्याला पाहायला कोणी जात नाही, म्हणून वर असताना त्याला कसाही गुंडाळायची आमच्या लोकांना खोड आहे. कोणी सायकलची ट्यूब बांधतो, कोणी दुधाची पिशवी. केळीच्या पट्ट्यात घडाची पिशवी फुकट मिळते, म्हणून ती. पिशवी पाणी अडवत नाही. आत शिरलेलं धरून ठेवते तेवढं. हे गावोगाव सांगून हेमलताचा घसा बसला आणि स्वभाव बिघडला. लोक म्हणतात बाई फार रागीट आहे. मला वाटतं आहे त्याहून कमीच आहे.

तिचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं. तिथं वीज आली तेव्हा ती तिसरीत होती. लग्न होऊन आली तर घरभर तांब्याची तार. गिरधर धुळ्याच्या हाशम मिस्त्रीकडं शिकलेला. मिस्त्री एकदा दुकानात आले, आणि ही टेप गुंडाळत होती ते पाहून तिच्या हातातून ओढूनच घेतली. “बेटी, ये साडी नहीं है जो बस लपेट दी. खींच के लगा, हर फेरा पिछले पे आधा चढना चाहिये.” त्या दुपारी त्यांनी तिच्याकडून तोच सांधा अकरा वेळा करून घेतला. बारावा पाहून चहा मागितला.

पण बादलीची रीत मिस्त्रींची नाही. ती तिची स्वतःची, आणि तिच्या मागं तानुबाई आहे.

पाच वर्षं झाली. पांझरेकडच्या एका गावात लोकांनी पाण्यासाठी घाई लावली होती. केबल ओली होती. तिनं पुसली, पण पुसल्यासारखी पुसली, आणि टेप मारून सोडली खाली. दोन महिन्यांनी तानुबाई नावाची बाई लोखंडी पाइपाच्या नळाला हात लावायला गेली आणि चिकटली. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं गेली. हेमलता भेटायला गेली तर तानुबाईनं तिला दारातच उभी करून आयमायवरून शिव्या दिल्या. “गोड बोलती तं मी इसरी जाती,” असं हेमलता म्हणते. तेव्हापासून तिचा कोणताही सांधा आधी मिठाच्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडतो. मग मेगर लावून, म्हणजे हातानं फिरवायचं तपासणी-यंत्र लावून, वीज कुठं झिरपते का ते ती पाहते. काटा शेवटच्या टोकाला जाऊन थांबला तरच सांधा बोअरमधे जातो.

हे ऐकून घ्यायला लखनच्या गावात त्या दिवशी कोणी मोकळं नव्हतं. उपसरपंच रोहिदासनाना मोटरसायकलवरून उतरले ते बोलतच उतरले.

“हेमाअक्का, तीन दिन व्हयनात. गाव तहान्यं शे. टेप गुंडाय आनि सोड खाले.”

“दोन घंटा लागतीन, नाना.”

“दोन घंटा? मोटर बसाडी रायनी का लगीन लाई रायनी?”

माणसं हसली. पहिल्या हंड्यामागं उभी असलेली उषा नाही हसली. ती म्हणाली, “नाना, तुमना घर टँकर वना. हासाले काय व्हस?” आणि लगेच हेमलताकडं वळली, “आनि तू बी अक्का, तुनी बादलीनी काय पूजा करूत का आम्ही? पोरंसले काय पाजू, मीठनं पानी?”

हेमलताचं डोकं फिरलं. नानांवर फिरलं, लखनवर फिरलं, उषावर जास्त फिरलं, कारण उषाचं खरं होतं. तिनं हिरवी तार कापून फेकली आणि चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल सोलत गेली. तिन्ही तारा कमी-जास्त लांबीच्या कापल्या, म्हणजे एकीचा जोड दुसरीच्या जोडाला लागत नाही. पॉलिश पेपरनं घासल्या, जोडून दाबल्या. प्रत्येक जोडावर आतून डिंक असलेली नळी सरकवली. या नळीला आग दाखवली की ती आक्रसून तारेला घट्ट धरते. गिरधरनं बत्ती पेटवून दिली.

“हायू,” तो एवढंच म्हणाला. हळू.

“माले शिकाडू नको.”

दोन नळ्या नीट बसल्या. तिसरीच्या वेळी नाना मागून कोणाला तरी सांगत होते, बाईमानूसना हाथमा काम दिधं का असंच व्हस. हेमलतानं मागं पाहिलं नाही. पण ज्योत एका जागी राहिली. क्षणभरच. नळीवर मुगाच्या दाण्याएवढी काळी खूण उठली. तिनं ती पाहिली, आणि तिन्ही जोडांवर मिळून बसणारी मोठी नळी ओढून तिच्यावर चढवली.

सांधा बादलीत गेला. तास काही केल्या सरत नव्हता. बाया हंड्यांवर बसल्या. उषा पाठ करून बसली.

मग तिनं मेगर काढलं. पहिली तार, काटा टोकाला. दुसरी, काटा टोकाला. तिसरी लावून दांडा फिरवला तर काटा निम्म्यावर आला आणि तिथून खाली घसरत गेला. तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. तो काटा वाचता येणारी माणसं तिथं दोनच होती, ती आणि गिरधर. गिरधर साखळी पुसू लागला. तो या बाबतीत तिला कधी काही सांगत नाही.

“व्हयनं का?” नाना म्हणाले.

सांधा तसाच खाली सोडला तरी मोटर सुरू झाली असती. पाणी आलं असतं. दोन महिने, चार महिने कोणाला काही कळलं नसतं.

“नही व्हयनं,” हेमलता म्हणाली. “सांधा खराब शे.”

“कोना?”

“मनाच. नयी जायी टाकी मी. तुमना रागमा.”

नळी आपणच जाळली असं ती म्हणते आहे, हे आधी कोणाला कळेना. मग नानांना कळलं आणि ते मांडीवर थाप मारून हसले. “ल्या! लखनना बी खराब आनि तुना बी खराब! मंग फरक काय शे दोन्हीसमा?”

“त्याना बोअरमा गया, नाना. मना आठे बादलीमा शे. आते हासी ल्या, पोट भरीसन. मंग गाडीवर बसा आनि तुमना घरना टँकर आठे लई या. ह्या बायासले भरी द्या. तवलोंग मना सांधा व्हयी.”

बाया उठल्या. उषा आधी उठली, आणि या खेपेला तिचं तोंड नानांकडं होतं. “खरं शे ना. टँकर लया, नाना.” मागून दुसरी, मागून तिसरी. नानांनी इकडं-तिकडं पाहिलं, गाडीला लाथ मारली. ती तिसऱ्या लाथेला सुरू झाली.

टँकर येतो की नाही, याची वाट हेमलतानं पाहिली नाही. उषा जवळ येऊन म्हणाली, “तुनावर बी राग शेच मना.” हेमलता म्हणाली, “ऱ्हाऊ दे. बाजूले सरक, माले उजेड पाहिजे.”

नळ्या संपल्या होत्या. आता रबरी टेपनं करायचं, म्हणजे आणखी वेळ. तिनं पक्कड घेतली आणि स्वतःचाच सांधा कचकन कापून टाकला.

“लखन, आठे बस. टेपना येढा मोज. आरधा वर आरधा चढी रायना का नही ते दख, आनि नही चढना तं बोल. मुका बसना तं पक्कड हाथवर मारसू.”

लखन बसला. तिनं पदरानं कपाळ कोरडं केलं, मग हात, मग केबल, आणि पुन्हा सोलायला घेतली.