मनकर्णामावशीचा भरलेला पंप

मनकर्णामावशीच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नव्हता, आणि मला तिचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीसाठी यायचा. बोरीच्या शाळेवर मास्तरीण म्हणून माझी बदली झाली, तेव्हा तिच्या घराला लागून असलेली खोली मला भाड्यानं मिळाली. भिंत एकच, त्यामुळं सकाळी तिच्या दारात कोण काय मागायला आलंय हे मला अंथरुणातूनच कळायचं. कुणाला चाळण, कुणाला पायली, कुणाला शिडी. देऊन झाल्यावर ही बाई वर विचारायची, "आनिक काई पायजे का?" आता यावर काय बोलावं!

तिचा नवरा बन्सीधर ऐन तिशीत गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरहून, ताडकळसहून, भाऊ न्यायला आले, तर तिनं त्यांना पोटभर जेवू घातलं आणि परत पाठवलं. "माझं रान कुणाच्या जिवावर टाकून येऊ?" एवढंच म्हणाली. तेव्हापासून औत स्वतः हाकायची. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि संध्याकाळी तिच्याकडेच सूप मागायला यायच्या.

बन्सीधर गेल्याच्या दुसऱ्या वर्षी आबासाहेबांनी तिची तिफण नेली. आबासाहेब म्हणजे गावातले सगळ्यात मोठे बागाईतदार. तिफण म्हणजे पेरणीचं तीन फणांचं अवजार. बन्सीधरनं सुताराच्या उरावर बसून ती बाभळीची तिफण करवून घेतली होती. आबासाहेब ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून घेऊन गेले, ती गेलीच. दर मृगाला मावशी त्यांच्या दारात जायची आणि दर मृगाला "बघतो, सांगतो" ऐकून यायची. मग सगळ्या गावाची पेरणी उरकली की कुणाची तरी तिफण मागून आणून हिची पेरणी. ज्या बाईनं कुणाला नाही म्हटलं नाही, तिचं बियाणं सगळ्यांच्या मागून मातीत जायचं. मी हे बोलून दाखवलं की ती म्हणायची, "मोठ्या घरची माणसं हायेत बाई, इसरत असतील." विसरतात म्हणे! स्वतःच्या बांधावरची काडी विसरत नव्हते ते.

तर हा पंप. कपाशीवर औषध फवारायचा पितळी पंप तिनं हातातल्या पाटल्या मोडून घेतला होता. गोल पोटाचा, खांद्याला पट्ट्यानं अडकवायचा. वरच्या तोंडातून औषध-पाणी ओतायचं, त्याच तोंडात हवेचा दट्ट्या पिळून घट्ट बसवायचा आणि दट्ट्या खालीवर करून आत हवा कोंबायची. पोट गच्च झालं की नळीवरचा खटका दाबायचा, टोकातून फवारा सुरू. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या त्या दिवसांत सगळ्या गावात असा पंप फक्त तिच्याकडं होता, म्हणजे तो साऱ्या गावाचाच होता.

पहिल्यांदा तो पिठाच्या गिरणीवाल्या किशनरावांनी नेला. त्यांनी परत आणून दिला, तेव्हा मावशी चेष्टेनं म्हणाली, "भाऊ, रिकामं भांडं देतेत का कुणी परत?" आपल्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही, चिमूटभर साखर, मूठभर शेंगा काहीतरी घालूनच जाते. किशनराव खजील झाले. घरी गेले, उरलेलं औषध पंपात ओतलं, हवा गच्च भरली आणि पुन्हा आणून दिला. झालं. गावानं नेमच धरला. मनकर्णाकाकूचा पंप परत द्यायचा तो घोटभर औषध घालून आणि हवा भरून. मी तिला बजावलं होतं, "मावशी, हे विषाचं भांडं. यात कसला आलाय शकुन?" तर म्हणाली, "लोक मानानं करायलेत, बाई. कसं मोडावं?"

त्या वर्षी बोंडं धरली आणि अळी पडली. मावशीनं खुंटीवरचा पंप काढला, तर त्याचं तोंड वळेना. दोन्ही गुडघ्यांत धरून पिळलं, तरी हलेना. खटका दाबून पाहिला, टोकातून थेंब नाही की वारा नाही. परभणीला न्यावा, तर विद्यापीठाच्या नामांतराच्या वादावरून बंद पुकारलेला, एसटी जागची हलत नव्हती. अळी काही बंद पाळत नाही. आज-उद्यात औषध पडलं नसतं, तर तिच्या वर्षाच्या भाकरीचं त्या अळीनं मातेरं केलं असतं.

तिच्या अंगणात माणसं जमली. मदतीला नव्हे, अक्कल पाजळायला. सगळ्यात पुढं किशनराव, हातात गिरणीचा पाना. "गंजलाय," एक म्हणाला. "बाईमाणसानं उलटा पिळला आसंल," दुसरा म्हणाला. पंप पितळेचा, तो गंजेल कसा, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. त्यांनी घासलेट ओतलं, पाना लावला, दोघांनी धरून तिघांनी ओढलं. आणि मावशी काय करत होती? आत चुलीपुढं बसून या सगळ्यांसाठी चहा करत होती! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात आबासाहेब आले. मागं त्यांचा सालगडी मुंजाजी. आबासाहेबांनी पंपाकडं पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. "बाईच्या हातात यंत्र दिलं की हेच व्हायचं. मुंजाजी, हा उचल अन् ट्रॅक्टरात टाक. बंद उठला की म्या परभणीला दुरुस्त करून आणतो. मग माझ्याच वाड्यावर ऱ्हाऊ द्या. कुणाला लागंल त्यानं तिथून न्यावा. काय मनकर्णाबाई?"

मावशी चहाचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. त्या वाड्यावर गेलेली वस्तू परत येत नाही, हे तिच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक होतं? पण नाही म्हणायची सवय नाही ना! जमलेले सगळे चहाच्या पातेल्याकडं बघत राहिले. प्रत्येकानं तो पंप फुकट वापरला होता.

"आधी इथंच बघू की," किशनराव म्हणाले. "तोंड तापवलं की पितळ फुगतंय. चार गोवऱ्या पेटवा."

"कशाला गोवऱ्या? हातोडा आन," म्हणत आबासाहेबांनी स्वतः पंपाच्या मानेवर एक घाव घातला. पितळेला पोचा पडला, तोंड तसंच. मी पुढं झाले. "अहो, आत हवा असेल तर? कुणाच्या डोळ्यात जाईल!"

"बाई, तुमी शाळा शिकवा," किशनराव म्हणाले. "खटका दाबून बगितला न्हवं? फुंकरबी येत न्हाई. आत काईच न्हाई, रिकामा हाय पंप." आणि त्यांनी खरोखरच गोवऱ्यांना काडी लावली.

‘रिकामा’ हा शब्द कानावर पडला आणि मावशीनं पातेलं खाली ठेवलं. "मुंजाजी," ती म्हणाली, "पंप शेवटी तूच आनलास ना?"

"व्हय काकू. मालकाच्या गोठ्यात गोचिड झालता, त्याला पावडरीचं औषध मारलं अन् म्याच आनून दिला."

"रिकामा आनलास?"

मुंजाजीला हे वर्मी लागलं. दिवसभर शिव्या खाणारा माणूस, पण ताठ उभा राहिला. "रिकामा? रिकामा कामून आनीन? आमी काय रीत न्हाई पाळत? घोटभर औषध ठिवलं अन् हवा अशी गच भरली काकू, की दट्ट्या खाली जाईना. कुणाची बी शपत घ्यायला सांगा."

मावशीनं त्या पेटत्या गोवऱ्यांवर चहाचं पातेलं सरळ उपडं केलं. सगळा चहा गेला. मला फार बरं वाटलं.

आता उलगडा व्हायला काय राहिलं होतं? पावडरीचं औषध टोकात वाळून घट्ट झालं होतं, म्हणून फुंकर येत नव्हती. आतली हवा तोंडाला आतून रेटा देत होती, म्हणून ते वळत नव्हतं. आणि हे शहाणे तो गच्च भरलेला पंप विस्तवावर धरायला निघाले होते. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं तो भरून परत केलेला, तरी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

मावशीनं नाकाला पदर बांधला. पोती शिवायचा दाभण आणला, नळीचं टोक उकिरड्याकडं केलं, सगळ्यांना पाठीमागं हटवलं. मुंजाजीनं खटका दाबून धरला आणि ती तोंड फिरवून दाभण घालत राहिली. आधी पांढरा चिखल आला, मग थुंकीसारखी चिळकांडी, मग जी हवा सुटली ती सुटतच राहिली. ती थांबल्यावर मावशीनं पंपाचं तोंड धरलं आणि पिळलं. लोणच्याच्या बरणीसारखं उघडलं.

"बगा," आबासाहेब म्हणाले, "माझ्या घावानं ढिल्लं झालतं."

"व्हय व्हय, घाव बरोबर बसला," किशनराव म्हणाले. माना डोलल्या. डोळ्यांदेखत लुबाडणं म्हणतात ते हे. पुढं आबासाहेब म्हणाले, "चला, उचल रं मुंजाजी. माझ्या कपाशीला अळी हाय. अन् आता तो वाड्यावरच ऱ्हाईल."

मावशीनं पंपावर हात ठेवला. "न्या की. न्हाई कोन म्हनतंय? आज माझं रान मारते, उद्या सकाळी न्या. फकस्त येताना माझी तिफण आना."

"कंची तिफण?" आबासाहेब म्हणाले. असं निर्लज्ज विचारलं त्यांनी, भर अंगणात, बन्सीधरच्या उंबऱ्यापुढं.

"आपल्या गोठ्यात माळ्यावर हाय की मालक," मुंजाजी भाबडेपणानं म्हणाला, "बन्सीदादाची. आपुन दरसाल तिनंच पेरतो."

कुणीतरी फिसकन हसलं. आबासाहेब धोतराचा सोगा सावरत निघून गेले. मावशीनं त्याच दुपारी सगळी कपाशी फवारली. पंपाचा पट्टा रुतून तिचा खांदा सोलवटला होता, त्यावर मीच तेल लावलं. तिफण येईल असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं.

पण अळी मोठ्यांच्या कपाशीलाही खातेच. सकाळी मुंजाजी तिफण खांद्यावर घेऊन पेठेतून आला, सगळं गाव बघत होतं. मावशीनं ती अंगणात टेकवली, फणांवरून हात फिरवला, दांडीला कपाळ लावलं. मग बी सोडायचं लाकडी चाडं असतं, त्यात तिनं वाकून पाहिलं. चार पेरण्या दुसऱ्याच्या रानात करून आलेल्या त्या चाड्यात ज्वारीचा दाणा नव्हता.

"रिकामीच धाडली," ती म्हणाली.

मुंजाजीनं मान खाली घातली. खरं तर लाज त्यानं का वाटून घ्यावी? मावशीनं आत जाऊन पंप आणला, तोंड उघडून त्याच्यापुढं उपडा केला, आत काही नाही हे दाखवलं आणि त्याच्या खांद्याला अडकवला.

"काकू," मुंजाजीनं बिचकत विचारलं, "सांजच्याला परत आनताना भरून आनू का कसं?"

"रिकामाच आन," मावशी म्हणाली. "तुज्या मालकाला ते चांगलं जमतंय."