धाकटीचा हिरवा फळा

घरात ती धाकटी सून होती आणि रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईखात्यात सगळ्यांवरची बाई. या दोन पदांचा मेळ बसवणं सोपं नव्हतं, कारण तिची थोरली जाऊ त्याच खात्यात मळक्या चादरी निवडायला होती. थोरल्या दिरांचं काम सुटलं तेव्हा धाकटीनंच शब्द टाकून तिला तिथे लावून घेतलं होतं. "घरी मी सांगेन ते तू ऐक, तिथे तू सांगशील ते मी ऐकते," असं थोरलीनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, "म्हणजे संध्याकाळपर्यंत फिट्टंफाट."

धाकटी मुळात काळजीखोर. तिला वरिष्ठांनी एका प्रशिक्षणाला पाठवलं, तेव्हा तिथे सांगितलेलं सगळं तिनं मनावर घेतलं. साहेबानं खोलीत बसून हुकूम सोडू नयेत, काम चालतं तिथे जाऊन उभं राहावं. करणाऱ्याला विचारावं. काही अडलं की काम तिथेच थांबवावं, आणि चूक कुणाची हे शोधण्याआधी कामाची मांडणी कुठे चुकली ते पाहावं. परत आल्यावर ती खरोखरच दिवसभर बायकांमध्ये उभी राहू लागली. इस्त्रीवाली म्हणे, बाईंची खुर्ची आता आम्हालाच द्या, तिला कुणी वाली उरला नाही.

पण त्या उभं राहण्याला फळ आलं. निवडायचं टेबल इतकं बुटकं होतं की संध्याकाळी कुणाची कंबर सरळ होत नसे. धाकटीनं त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून ते उंच करून घेतलं. मळके गाडे आणि धुतलेले गाडे एकाच दारात एकमेकांना अडायचे. तिनं मागचं बंद दार उघडायला लावलं. बायका खूश झाल्या आणि धाकटीला जीव लावू लागल्या. नेमकं तिथेच पुढचं सगळं बिघडलं.

तिनं भिंतीवर एक फळा लावला होता. निवड, धुणं, वाळवण, इस्त्री अशा प्रत्येक कामापुढे एक चकती, एका बाजूनं हिरवी, दुसऱ्या बाजूनं लाल. सगळं सुरळीत असेल तर हिरवी. काही अडलं, बिघडलं, कुणाला लागलं, तर लाल. रोज सकाळी सगळ्यांनी फळ्यासमोर जमायचं आणि लाल असेल त्यावर बोलायचं. सुरुवातीला लाल पुष्कळ दिसलं. मग कमी होत होत फळा हिरवागार झाला. वरचे व्यवस्थापक येऊन कौतुक करून गेले. एवढंच नव्हे, तर दुसऱ्या रुग्णालयांतले लोक हा फळा पाहायला येणार असं ठरलं.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी थोरली स्वयंपाकघरात भांडी डाव्या हातानं विसळत होती. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी होती. धाकटीनं विचारलं, तर म्हणाली, विळी लागली. घरातल्या विळीची धार केव्हाच गेली होती, तिनं टोमॅटोसुद्धा चिरला जात नसे. धाकटीच्या मनात ते आलं, पण उद्याच्या गडबडीत तिनं तिकडे कानाडोळा केला.

सकाळी पाहुण्यांसाठी ती स्वतःच झाडू घेऊन टेबलाखाली वाकली. तिथे कोपऱ्यात बिस्किटांचा एक जुना डबा होता. उचलला तर खुळखुळला. आत सुया होत्या, पाती होती, एक छोटी कात्रीही होती. वॉर्डांतून चादरींच्या घड्यांमध्ये गुंडाळून आलेली. त्यातली एकेक वस्तू म्हणजे फळ्यावर न लागलेली एकेक लाल चकती होती.

तिनं विचारलं, हे कधीपासून? मग विचारलं, कुणाला टोचलं? तेव्हा तोंडाळ इस्त्रीवालीनंही मान खाली घातली, पण तिची नजर आधी थोरलीकडे जाऊन आली होती.

धाकटीनं जावेचा हात धरला आणि तिला जवळजवळ ओढतच जिन्यानं वर तातडीच्या विभागात नेलं. कुणाचं रक्त लागलेली सुई, कसला आजार, काही ठाऊक नाही. घरी थोरलीची दोन पोरं होती आणि त्यांतल्या लहानग्याला अजून आईशिवाय झोप लागत नसे. डॉक्टरांनी विचारलं, कधी टोचलं? थोरली म्हणाली, काल दुपारी. डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तर फार बरं झालं असतं, पण अजून वेळ गेलेली नाही. रक्त घेतलं. गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. आता एक तपासणी, काही आठवड्यांनी पुन्हा, मग आणखी एकदा. तोवर कुणी काही सांगू शकणार नव्हतं.

बाहेरच्या बाकावर धाकटीला रडू कोसळलं. सुई ज्याची त्याला शिव्या घालून झाल्या, मग ती जावेवर घसरली. मला का नाही सांगितलंत? घरात एका ताटात जेवतो आपण.

"आज तुझे पाहुणे यायचे होते ना," थोरली म्हणाली.

"पाहुणे गेले खड्ड्यात, ताई."

"तुझा चेहरा पडतो गं." थोरली बोटाकडे बघत सावकाश म्हणाली. "तू रागवत नाहीस, बोलत नाहीस. नुसतं 'बरं, बघू' म्हणतेस. पण लाल दिसलं की दिवसभर उतरलेलं तोंड घेऊन फिरतेस आणि घरी येऊन अर्धवट जेवून उठतेस. मग आम्हीच ठरवलं, बाईंनी आमच्यासाठी एवढं केलं, निदान त्यांचा फळा तरी हिरवा राहू दे."

कुणी भीतीपोटी लपवलं असतं तर धाकटीला समजलं असतं. मायेपोटी लपवलेल्याचं काय करायचं, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

जावेला घरी धाडून ती खाली आली. निवडीची चकती तिनं लाल केली, डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि सांगितलं, वॉर्डातून कुणी खाली येईपर्यंत मळक्या चादरींची एकही पिशवी उघडायची नाही. व्यवस्थापक धावत आले. आजच कशाला, पाहुणे जाऊ द्या, मग काय तो गोंधळ घाला. शिवाय दुपारी शस्त्रक्रियेला चादरी कमी पडल्या तर जबाबदार कोण? धाकटी म्हणाली, मी. ती जागची हलली नाही.

थोरलीला सुई टोचली ती पिशवी ज्या वॉर्डातून आली होती तिथल्या मोठ्या सिस्टर खाली उतरल्या त्या फणफणतच. आमच्याकडे पेशंट मरायला टेकलेत आणि तुम्हाला चादरी सुचतात. धाकटीच्या जिभेवर आलं होतं की सुई टाकणारीचं नाव सांगा, मी तिला बघून घेते. सून म्हणून, धाकटी जाऊ म्हणून तिला तेच हवं होतं. तिनं डबा सिस्टरांपुढे सरकवला आणि कसंबसं विचारलं, "वापरलेली सुई तुमच्याकडे कुठे टाकतात?"

सिस्टरांनी डब्यात वाकून पाहिलं. आतल्या सुया पाहून त्यांचा पारा उतरला. मग म्हणाल्या, पेटी दाराजवळ भिंतीला आहे, पेशंट पार खिडकीशी. एका हातानं त्याची जखम दाबून धरलेली असते. सुई तेवढ्यापुरती खाटेवर ठेवतात, मग दुसरा कुणी हाक मारतो, आणि चादर बदलणारी येऊन सगळं गुंडाळून नेते. "माझ्या हातूनही झालंय हे," त्या हळूच म्हणाल्या.

दोघी वॉर्डात जाऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत मलमपट्टीच्या गाड्याला एक छोटी पेटी अडकवून झाली. पाहुण्यांनी लाल चकती पाहिली, काहींनी प्रश्न विचारले, काही जण घड्याळ बघत राहिले. व्यवस्थापकांनी जाताना एवढंच म्हटलं, की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

घरी त्याहून कठीण होतं. गोळ्यांनी थोरलीला मळमळायचं, अन्न पोटात ठरायचं नाही. सासूबाई उठताबसता म्हणायच्या, चांगली घरात होती, हिनं नेऊन आगीत घातली. थोरली आतून ओरडायची, सासूबाई, मी काय दूधखुळी आहे का, माझ्या पायांनी गेले होते. पहिला अहवाल चांगला आला, पण डॉक्टर म्हणाले, याच्यावर विसंबू नका, खरं काय ते पुढच्या तपासणीत. धाकटी तपासणीच्या दिवसाचा विचार टाळायची आणि तोच विचार करत कांदे परतायची.

थोरलीनं घरी बसायला साफ नकार दिला. पुन्हा टेबलापाशी उभी राहिली त्याच आठवड्यात तिला चादरीच्या एका घडीत पातं सापडलं. म्हणजे गाड्याची पेटी सगळीकडे पोचली नव्हती, किंवा पोचून भरली होती, किंवा आणखी तिसरंच काही. थोरलीनं ते चिमट्यानं उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "बाई, लाल."

धुण्याचं यंत्र थांबलं. सगळ्या जणी पात्याकडे नव्हे, धाकटीकडे बघत होत्या. तिचा चेहरा पडलाच होता, ते लपवणं तिला जमलं नाही आणि उसनं हसूही आलं नाही. ती टेबलाला वळसा घालून जावेच्या शेजारी आली, हातमोजे चढवले आणि पिशवीवरची चिठ्ठी उजेडाकडे धरून विचारू लागली, ही कुठल्या वॉर्डची, आणि वर माझ्याबरोबर कोण येतंय.