पचमढीला गेलेली संत्री

पुष्पलता प्रताप नगरात घरीच ब्लाऊज शिवायची. नवरा, मारोतराव, वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात मालाची चढउतार पाहायचे. उत्तरा त्यांची एकुलती एक. नववीत होती, शाळेच्या गाईड पथकात होती, आणि शहात्तर साली दिवाळीनंतर पथक पचमढीच्या शिबिराला जाणार म्हणून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

शिबिराला दूरदूरच्या मुली यायच्या. प्रत्येकीनं मैत्रीची खूण म्हणून हातानं केलेली एखादी लहानशी वस्तू न्यायची, परगावच्या मुलीला द्यायची आणि तिची आपण घ्यायची, अशी रीत. उत्तरानं संत्री करायची ठरवली. इतवारीतल्या कापडवाल्याकडून आईनं नारिंगी साटिनचं कातरण आणून दिलं. बोराएवढा गोळा, आत कापूस, वर हिरवं पान, मागे सेफ्टी पिन. पहिली काही टमाटरासारखी झाली. मायलेकींनी हसत हसत ती उसवली.

नवरात्राच्या आधी उत्तराला कावीळ झाली. खाटेवर पडूनही ती शिवत राहिली. डॉक्टरांनी मारोतरावांना बाहेर बोलावून सांगितलं, लिव्हर फार बिघडलंय, शिबिराचं नावच काढू नका.

"आई, मले जायले भेटन ना?" उत्तरा विचारायची.

"भेटन. तू औषध घे बरं."

दसऱ्यानंतर उत्तरा गेली.

पथकाच्या कॅप्टन, शाळेतल्या शिक्षिका यमुताई भेटायला आल्या, तेव्हा पुष्पलतानं संत्र्यांचा डबा त्यांच्यासमोर ठेवला. अर्धी राहिलेली तिनं मधल्या दिवसांत स्वतःच पुरी केली होती.

"हे घेऊन जा, ताई. मुलींच्या हातून वाटा."

यमुताईंनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं. "मुलींना फार जड जाईल हो."

"जाईल. पण तिनं ज्यायच्यासाठी केले होते, त्यायलेच भेटू द्या."

मारोतराव दारात उभे होते. "पोरगी गेली, अन् तू हे काय करून राहिली वं?" एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

शिबिराहून परतल्यावर मुली घरी आल्या. संत्र्यांच्या बदल्यात मिळालेलं सगळं त्यांनी चटईवर मांडलं. शिंपल्याचा मासा, तागाची बाहुली, मण्यांची फुलं. पुष्पलता एकेक वस्तू हातात घेऊन विचारत होती, ही कोणी दिली, कुठली होती, कशी दिसत होती. देवकी ही उत्तराच्या बाकावरची मुलगी. ती मान खाली घालून म्हणाली, "काकू, शिंपला देणाऱ्या मुलीनं विचारलं, हे संत्रं कोणी केलं. माझ्या मैत्रिणीनं, म्हटलं मी. ती काहून नाही आली, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तिची तब्येत बरी नाही, पुढच्या वर्षी येईल."

बाकीच्या मुली देवकीकडे पाहू लागल्या. तिचे डोळे भरून आले होते. "मले दुसरं बोलताच आलं नाही, काकू."

पुष्पलतानं तिला जवळ ओढलं. "मीही तिले असंच सांगत होती," ती म्हणाली, आणि मग मुलींसमोरच तोंडाला पदर लावून रडली.

पुढं तीन-चार शिबिरांना पुष्पलतानं पथकासाठी संत्री शिवून दिली. मारोतराव त्या संत्र्यांकडे पाहायचे नाहीत. ती शिवायला बसली की त्यांना बाहेर काहीतरी काम आठवायचं. उत्तराचं नाव घरात निघेनासं झालं. मग यमुताईंची बदली झाली, पथक मोडलं, आणि तेही काम थांबलं.

आणखी काही वर्षांनी देवकीचं लग्न ठरलं. तिचे सगळे ब्लाऊज पुष्पलतानंच शिवले, पण लग्नाला जायला तिचा पाय उचलेना. मारोतराव एकटेच गेले आणि लवकर परतले.

"जेवले का?" तिनं विचारलं.

"नाई. पोरगी मांडवात आली, अन् मले आपली दिसून राहिली. घास उतरला नाही."

इतक्या वर्षांत ते असं काही बोलले नव्हते. पुष्पलतानं स्टोव्ह पेटवला, भात टाकला. मारोतराव तिच्याजवळ जमिनीवरच बसले. उत्तरा केवढी उंच झाली असती, तिला कोणता रंग शोभला असता, असं भात होईस्तोवर दोघं बोलत राहिली.