दहा नंबरच्या खोलीला एसी का नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. एकदा डॉक्टरांनी विचारलेलं, झोप का लागत नाही, कसलं टेन्शन आहे — तेव्हा अगदी ओठांवर आलेलं. म्हणालो, धंद्याचं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

कुठून सुरुवात करू? एसीपासून करतो. ते मला सोपं जातं.

वागळे इस्टेटमध्ये माझं एसीचं छोटं वर्कशॉप आहे. तीन वर्षांपूर्वी, मार्च संपता संपता, खडवलीच्या एका वृद्धाश्रमातून फोन आला. कोणी देणगीदाराने सहा एसी दिलेले, आणि खोल्या होत्या दहा. व्यवस्थापिका शिंदेबाई म्हणाल्या, “आम्ही ठरवलं तर रुसवेफुगवे होतील. तुम्ही येऊन बघा, सगळ्यांत जास्त तापतात त्या सहा खोल्या सांगा. तुमचा शब्द शेवटचा.”

मी गेलो. खालच्या पाच खोल्या झाल्या, वरच्या चार झाल्या. प्रत्येक ठिकाणी तापमान बघायचं, खिडकी कुठल्या दिशेला, वर स्लॅब आहे का, कोणाला दम्याचा त्रास आहे का — सगळं वहीत टिपायचं. मग दहा नंबर. वरच्या मजल्यावरची शेवटची खोली. पश्चिमेची भिंत, डोक्यावर उघडा स्लॅब. आत पाऊल टाकल्याबरोबर भट्टीसारखी हवा अंगावर आली.

दोन कॉट होत्या. एकीवर डोळ्यांनी अधू झालेल्या एक आजी. आणि दुसरीवर माझी मावशी.

सख्खी मावशी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. वडील फिरतीवर. मावशीने लग्न केलं नाही — माझ्यामुळे केलं नाही असं ती कधीच म्हणाली नाही, पण मला काय कळत नव्हतं? डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तिने मला वाढवलं. बालवाडीत शिकवायची, संध्याकाळी ब्लाउज शिवायची. माझा डिप्लोमा त्या मशीनवर झाला.

मग ती तिथे कशी? हेच तर सांगायचंय. तिची बिल्डिंग धोकादायक ठरली, सगळ्यांना जागा सोडायला लावली. तिने मला फोन केला. “थोडे दिवस येऊ का रे तुझ्याकडे?” तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणालो, “अगं, पोराची बारावी आहे या वर्षी.” ती लगेच म्हणाली, “हो हो, बरोबर आहे.” दोन दिवसांनी तिनेच कळवलं, शेजारच्या वहिनींनी एका आश्रमात सोय केलीय. कुठला आश्रम, कुठे, मी विचारलं नाही. नाव कळलं असतं तर जावं लागलं असतं ना?

आणि घरी काय सांगितलं? मावशी गावी गेली, चिपळूणला, चुलतभावाकडे. बायको हळहळली. म्हणाली, “आपल्याकडे का नाही आणलंत?” मी म्हणालो, “तीच नको म्हणाली.” माजिवड्याच्या आमच्या घरात एक खोली रिकामी होती. बायको आनंदाने हो म्हणाली असती. मी तिला विचारलंच नव्हतं. मला नको होती मावशी घरात — तिचं खोकणं, तिची औषधं, तिचं सारखं माझ्याकडे बघणं. एवढंच. याहून मोठं कारण मी बरंच शोधलं, सापडलं नाही.

तर — दहा नंबर. शिंदेबाई माझ्या मागेच उभ्या. म्हणाल्या, “आजी, हे ठाण्याचे साहेब. एसीचं बघायला आलेत.”

मावशीने मान वर केली. मला ओळखलं. तिचा चेहरा उजळला — मी पाहिलं ते. पुढे काय करायचं होतं मला? एक शब्द पुरे होता. मी हात जोडले आणि म्हणालो, “नमस्कार आजी.”

 मावशी कॉटवरची घडी केलेली चादर बाजूला सरकवून म्हणाली, “बसा साहेब.”

मी बसलो नाही. तापमान पाहिलं. दहाही खोल्यांत सगळ्यांत मोठा आकडा तिथेच होता. खाली ऑफिसात येऊन मी यादी लिहिली — सहा खोल्या, त्यांत दहा नंबर नाही. शिंदेबाईंना आश्चर्य वाटलं. “अहो, तीच तर सगळ्यांत तापते.” मी सांगितलं, भिंत कमकुवत आहे, बाहेरचं युनिट पेलणार नाही. खोटं होतं. भिंत चांगली नऊ इंची होती. पण एसी बसवला असता तर पूर्ण दिवस मला तिच्यासमोर काम करावं लागलं असतं, आणि दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगला त्या खोलीत जावं लागलं असतं. त्या अधू डोळ्यांच्या आजींनी माझं काय घोडं मारलं होतं? त्यांचा तर मी विचारही केला नाही.

मे महिन्यात फिल्टर साफ करायला गेलो. भर दुपार. वरच्या व्हरांड्यात मावशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली — आठ नंबरच्या दाराला अगदी लागून. आधी लक्षात आलं नाही. मग कळलं. दाराच्या फटीतून गार हवा येत होती, आणि तिने आपले पाय तिथे धरले होते. पाय सुजलेले.

मला बघून तिने ते पटकन साडीत ओढून घेतले. चोरी पकडल्यासारखे. मी शिडी घेऊन पुढे निघालो. बाजूने जाताना ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “जेवलास?”

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मी थांबलो असेन. मी मागे वळून पाहिलं — कोणी ऐकलं तर नाही ना. कोणी नव्हतं. मी निघून गेलो. त्या दिवशीचं आठवलं की मला अजून तिचा आवाज आधी आठवत नाही, माझी ती वळलेली मान आठवते.

त्यानंतर दोन वेळा मी कारागिराला पाठवलं, स्वतः गेलो नाही. पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत, एक मशीन बिघडलं म्हणून जावं लागलं. काम आटोपल्यावर शिंदेबाईंनी चहा दिला. बोलता बोलता म्हणाल्या, “दहा नंबरच्या त्या बालवाडीवाल्या आजी गेल्या हो, पंधरा दिवस झाले. न्यूमोनिया. फॉर्मवर नातेवाइकाच्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं — कोणी नाही. आम्हीच केलं सगळं.”

मी चहाचा घोट घेतला.

“फार समजूतदार बाई. एसी मिळाला नाही म्हणून बाकीचे कुरकुरले, त्या त्यांनाच समजावायच्या — साहेबांनी नीट बघूनच ठरवलं असणार.” मग त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. एक पत्र्याची पेटी होती, आणि वर दोन साड्यांची घडी. “याचं काय करावं कळत नाही. कोणाला देऊन टाकू का?”

पेटीच्या झाकणावर तेलरंगात नाव होतं. माझं. डिप्लोमाला होस्टेलवर गेलो तेव्हा तिने घालून घेतलेलं. अक्षरं पुसट झाली होती, शिंदेबाईंना वाचता आली नसावीत. मला आली.

“द्या की,” मी म्हणालो, “कोणा गरजूला.”

आणि चहा संपवला.